दोरीचं मागचं टोक

मास्तरांचे दोन्ही हात एका वेळी मोकळे असलेले मी कधी पाहिले नाहीत. शाळेत असले तर हातात खडू, कारखान्यात असले तर ब्रश, आणि सकाळ-संध्याकाळ हायवेवर असले तर ती दोरी. त्यामुळे देवळात गेले तरी ते हात जोडत नसत. एक हात छातीवर ठेवायचे आणि मान तुकवायचे. गुरवानं एकदा हटकलं तर म्हणाले, "देवाला एक हात पुरतो. दुसरा कामाला लागतो." स्टाफरूममध्ये आम्ही या वाक्यावर पुष्कळ हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही. पण ते नंतर सांगते.

मी तेव्हा रोह्याला राहायचे. सकाळच्या पॅसेंजरनं पेणला उतरायचं आणि तिथून एसटीनं जोहे फाटा. मधे कासूला गाडी क्रॉसिंगला अडकली की दहा-पंधरा मिनिटांचं नुकसान ठरलेलं. फाट्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, हायवेच्या पलीकडच्या अंगाला आमचं हायस्कूल. मी नवीनच लागले होते, गणित आणि विज्ञान शिकवायचे, आणि शाळा म्हणजे पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत एवढीच माझी समजूत होती. घंटेच्या आधीही शाळा असते हे मला मास्तरांनी दाखवलं.

ते चित्रकला शिकवायचे. बाकी सगळे 'सर', हे एकटेच 'मास्तर'. राहणारे जोह्याचे. जोह्यात आणि हमरापुरात घरोघर गणपतीचे कारखाने; ओटीवर गणपती, पडवीत गणपती, जेवायला बसलेल्या माणसाच्या पाठीमागे गणपती. हंगामात शाळा सुटली की मास्तर कारखान्यात जाऊन बसायचे आणि फक्त आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाला रंग कोणीही मारतं, पण आखणीला हात लागतो. मास्तरांनी डोळे काढलेला गणपती खोलीत कुठेही उभं राहून बघा, तो तुमच्याकडेच बघायचा. मुंबईची मंडळं ऑर्डर देतानाच सांगायची, डोळे मास्तरांकडून पाहिजेत.

माणूस मात्र दिसायला अगदी ध्यान. उंच, पोक काढून चालणारे, उजव्या पायाची पँट सायकलच्या चेनमध्ये जाऊ नये म्हणून मोज्यात खोचलेली. सायकल घरी असली तरी पँट मोज्यातच. शर्टाच्या खिशावर कायम गुलाबी डाग, गणपतीच्या अंगाच्या रंगाचा. आणि रस्त्यानं चालताना ते गाड्यांशी बोलायचे. रागावून नव्हे, घरच्या माणसाशी बोलावं तसं. "जा बाबा, जा. सासरवाडीला जेवन थंड होतंय तुझ्या." एखादा टँकर कचकन हॉर्न मारून अंगावरून गेला की म्हणायचे, "देवाचं वाहन उंदीर आणि मानसाचं वाहन बोका." पोरं हसायची. मला हे सगळं सुरुवातीला पोरकट वाटायचं.

चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली झोपडी काढायला त्यांनी बंदी घातली होती. "हा डोंगर कुठला? तू बघितलायस?" असं विचारून ते कागद परत द्यायचे. त्यांच्या वर्गात प्रत्येकानं एकच चित्र काढायचं: आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता. कुत्रं कुठे असतं, साइडपट्टी कुठे खचलीय, ट्रक कुठे वळतात, कुठल्या वळणावर समोरचं दिसत नाही. जिथे भीती वाटते तिथे तांबडा ठिपका. ती सगळी चित्रं जोडून त्यांनी वर्गाच्या मागच्या भिंतीला लावली होती. आपल्या घरचा रस्ता सगळ्यांनाच निरनिराळा. पण फाट्यापासून शाळेपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरवर तांबड्या ठिपक्यांची नुसती रास झाली होती. हेडसरांनी ती बघून "छान, छान" म्हटलं आणि पुढच्या वर्गात गेले.

मग मास्तरांनी दोरी आणली. होडीची जाड दोरी, हातभर अंतरावर एकेक गाठ मारलेली. एका गाठीला एक पोर. ज्याची गाठ त्याची. पोर आजारी असलं तर गाठ रिकामी राहायची, पण दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. त्यामुळे कोण आलं नाही हे मास्तरांना हजेरीच्या आधी कळायचं. ज्यांच्याकडे सायकली होत्या त्यांनी हायवेच्या कडेला उतरून, सायकल हातात धरून, दोरीच्या बाहेरच्या बाजूनं चालायचं. म्हणजे गाड्या आणि लहान पोरं यांच्यामधे सायकलींचं कुंपण. सकाळी सव्वादहाला ही वरात फाट्यावरून निघायची. पुढे मास्तर, उजवा हात आडवा धरलेला, आणि मागे तीस-पस्तीस पोरं.

रस्ता ओलांडायची त्यांची शिकवण एवढीच होती: "टायर बघू नका, डोळा बघा. डायवरनं तुमाला बघितलं का नाय, ते बघा. ज्यानं बघितलं तो थांबतो."

आधी कोणाला हे पटत नव्हतं. पालकांची सभा घेतली तर चार बायका आणि एक म्हातारा आला. म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, आजवर कोन मेलं काय या रस्त्यावर शालंत जाताना?" मास्तर म्हणाले, "नाय. म्हनून तर आता करायचं. आपल्याकडं गतिरोधक मागितला तर आधी एक पोर द्यावं लागतं. मला पोर द्यायचं नाय." त्या चार बायकांनी मग आळीपाळीनं शाळेसमोर उभं राहायचं कबूल केलं आणि हळूहळू बाकीच्याही आल्या. बांधकाम खात्याकडे गतिरोधकाचा आणि झेब्रा पट्ट्यांचा अर्ज पडून होता, तो पडूनच राहिला. तेव्हा एका रविवारी मास्तरांनी आणि पोरांनी कारखान्यातल्या उरलेल्या रंगानं पट्टे मारले. उरलेला रंग गुलाबी. हायवेवर गुलाबी पट्टे बघून ड्रायव्हर चक्रावून थांबायचे. पावसात पट्टे धुऊन जायचे, की पुन्हा मारायचे.

दप्तरांवर डोळे काढायची कल्पनाही त्यांचीच. प्रत्येक दप्तराच्या मागच्या बाजूला दोन मोठे डोळे, तीच आखणी, तोच भाव. "मागनं येनाऱ्याला कोनीतरी बघतंय असं वाटलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो," असं त्यांचं म्हणणं. आमच्या शाळा कमिटीवर एक कारखानदार शेठ होते, ते भडकले. "देवाचे डोले दप्तरावर? पोरं ती दप्तरं बुडाखाली घेतात." मास्तर शांतपणे म्हणाले, "देवाचे नायत शेठ. माझे हायत."

माझा नंबर लागला तो दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात. मी फाट्यावर एसटीतून उतरते हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. म्हणाले, "बाई, तुमी शेपूट व्हाल काय?"

मी चमकून बघितलं. तर त्यांना दोरीच्या मागच्या टोकाला मोठं माणूस हवं होतं. "डोकं असून भागत नाय. जो मागं राहतो तो डोक्याला दिसत नाय." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर नव्या नोकरीत वरिष्ठ माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हटलं. हातात दोरीचं टोक घेऊन पोरांच्या मागून चालताना पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एसटीतली माणसं खिडकीतून बघत होती.

पण महिन्याभरात मला त्याची गोडी लागली, हेही खरं आहे. मागून बघताना पस्तीस दप्तरांवरचे सत्तर डोळे माझ्याकडे बघत पुढे जायचे. मी त्यांच्याकडे बघून कधीकधी हसायचे.

फाट्याच्या दुसऱ्या अंगाला खाडी. तिकडच्या गावातली माणसं भातशेती करायची आणि मिठागरावर जायची. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला हायस्कूलला यायचं तर बांधावरून अर्धा तास चालून मग हायवे. मुलगे यायचे. मुली चौथी झाल्या की घरी बसायच्या, नाहीतर आईबरोबर मिठागरावर. माझ्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, मास्तर मला घेऊन त्या गावात गेले. सात घरं फिरलो. सहा घरांनी गूळपाणी देऊन बोळवण केली. सातवं घर सुरेखाचं.

तिचे वडील नुकतेच मिठागरावरून आले होते, पायांच्या भेगांत मीठ दिसत होतं. ते मास्तरांशी नीट बोलले, पण मान हलवत राहिले. "हुशार हाय पोरगी, ते म्हाईत हाय. पन हायवेवर नाय धाडायची. तुमी म्होरं असनार. मागं कोन?"

तेव्हा मी बोलले. मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "मागे मी असेन. तुमच्या मुलीच्या मागे मी असेन."

आई दाराच्या आत उभी होती, कडेवर धाकटी रंजना. तिनं फक्त विचारलं, "रोज?"

"रोज," मी म्हणाले.

जूनमध्ये सुरेखा पाचवीत आली. तिला शेवटची गाठ मिळाली, माझ्या हातापुढची. बारीक चणीची, तेल लावून घट्ट दोन वेण्या, पायांत तिच्यापेक्षा दोन बोटं मोठ्या चपला. पुढच्या वर्षीही याव्यात म्हणून घेतलेल्या. मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिच्या दप्तरावर डोळे काढून दिले. ती पाढे चालता चालता म्हणायची, आणि चुकली की मागे वळून माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "पुढे बघ गो." तिच्यामुळे त्या गावातल्या आणखी दोन मुली जुलैत आल्या. मास्तरांनी दोरीला आणखी गाठी मारल्या. सुरेखा मात्र आपली गाठ सोडायला तयार नव्हती, म्हणून नव्या गाठी तिच्या पुढे पडल्या.

त्या दिवशी ऑगस्टातली घटक चाचणी संपली होती आणि माझ्या उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या होत्या. हेडसरांनी अकराच्या आत मार्क मागितले होते. कासूला गाडी अडकली नव्हती, एसटीही वेळेवर होती; दोष द्यायला काही नाही. एसटी फाट्यावर थांबली. खिडकीतून मला मास्तर दिसले, पोरं गाठी धरत होती. मी उतरले नाही. दहावीतल्या एका मुलीला खिडकीतून सांगितलं, "आज मागे तू राहा." तिनं मान हलवली. ती सायकलवाली होती, तिच्या दोन्ही हातांत सायकल होती, हे मला दिसलं होतं. मी शाळेपर्यंत बसून गेले आणि स्टाफरूममध्ये लाल पेन उघडलं.

पुढचं मला पोरांकडून कळलं, तुकड्या-तुकड्यांनी.

दोरी अर्ध्या वाटेवर होती. समोरून शेठच्या कारखान्याचा टेम्पो आला, मुंबईच्या मंडळाची मोठी मूर्ती घेऊन. नेताना मूर्तीचा चेहरा झाकायचा असतो, तसा प्लास्टिक टाकून झाकला होता, पण सुतळी सैल होती. वाऱ्यानं प्लास्टिक उडालं आणि गणपती उघडा झाला. डोळे मास्तरांचे, आदल्या संध्याकाळीच काढलेले.

जोह्याच्या पोरांनी ढुंकूनही बघितलं नाही. ज्यांच्या घरी मूर्तीच्या हाताला दप्तर अडकवतात, त्यांना चतुर्थीच्या आधी ती मूर्ती म्हणजे माल. पण सुरेखाच्या गावी वर्षातून एकदा, एका घरी एक गणपती येतो. तिच्याकडे देव बघत होता. तिनं गाठ सोडली, चपला काढल्या, जशा देवापुढे काढायच्या असतात तशा, आणि दोन्ही हात जोडून डोळे मिटून उभी राहिली.

दोरी पुढे गेली, दहावीतली ती मुलगीही सायकल सावरत दोरीच्या बाहेरच्या अंगानं पुढे गेली. मागे कोणी नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा रांग दहा-बारा पावलं लांब गेली होती. ती घाबरली, चपला घालायला वाकली. मागून गेलेल्या एका ट्रकच्या वाऱ्यानं एक चप्पल डांबरावर गेली होती. चपला नव्या होत्या. ती चप्पल घ्यायला सुरेखा दोन पावलं रस्त्यात गेली. त्या ट्रकच्या पाठोपाठ टँकर होता. टँकरवाल्यानं तिला बघितलं नाही.

मी धावत पोचले तेव्हा मास्तर साइडपट्टीवर बसले होते आणि त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पुढच्या पोरांना त्यांनी पाठ करून उभं केलं होतं, दोरी धरून, शाळेकडे तोंड करून. एकही पोर वळलं नाही. मास्तरांच्या बाजूनं मला फक्त त्यांच्या दप्तरांवरचे डोळे दिसत होते.

हवालदार आला, पंचनामा सुरू झाला. त्यानं दोरी उचलून विचारलं, "ही कोणाची?"

"माझी," मास्तर म्हणाले.

"पोरांच्या शेवटी कोण असतं?"

मी तीन हातांवर उभी होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आज शेवटी कोन नव्हतं. ती चूक माझी. तसं लिहा."

मी बोलले नाही. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. हे कारण मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. मी भित्री होते, एवढंच ते आहे.

गावात लोक म्हणू लागले, देवाला हात जोडता जोडता गेली, भाग्यवान पोर. दहाव्याला खाडीच्या गावी गेलो तेव्हा तोच सभेतला म्हातारा तिथे आला होता आणि तो हेच बोलला. मास्तरांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. "भाग्यवान असती तर आज वर्गात असती बाबा," म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. बांधावर ते खाडीकडे बघत उभे होते.

"बाई," ते म्हणाले, "मी पोरांना ब्रेक शिकवला, वळन शिकवलं, डायवरचा डोळा शिकवला. देव आला तरी हात सोडू नका, एवढं शिकवलं नाय. आमच्या पोरांना ते शिकवावं लागत नाय ना. आमच्याकडं चतुर्थीआधी त्याला हात जोडतो कोन? मला वाटलं, सगळी पोरं आमच्यासारखीच." मग म्हणाले, "आनि डोळे असे काढले, की पोर थांबलंच पायजे."

मी तेव्हा तरी माझं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

त्याच दिवसापासून त्यांनी आखणी बंद केली. ऐन हंगाम, चतुर्थी दोन आठवड्यांवर, आणि शेठच्या कारखान्यात दीड-दोनशे मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या. मास्तरांचं म्हणणं एवढंच: सकाळी दहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सहा टेम्पो काढायचे नाहीत, आणि मूर्तीचा चेहरा कापडानं बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही. कबूल करा, रात्रंदिवस बसून आखतो. शेठ शाळेत आले. त्यांना पोरीचं दुःख नव्हतं असं नाही. डोळे लाल होते त्यांचे. पण म्हणाले, "मास्तर, तुमच्या दोरीला मी धंदा बांधून ठेवू काय? मंडलाची गाडी मंडलाच्या टायमाला जानार." बाहेरगावाहून आखणीला माणसं आली. त्या वर्षीचे गणपती थोडे तिरळे गेले, पण गेले सगळे. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं तेवढी ब्रश खाली ठेवून घरी बसली, आणि त्यांना पुढच्या हंगामात कोणी बोलावलं नाही.

चतुर्थीच्या आधी शाळेसमोर गतिरोधक आला. इतकी वर्षं अर्ज पडून होता, तो आता चार दिवसांत मंजूर. मास्तर त्याच्याकडे बघायचे नाहीत. रस्ता ओलांडताना त्याला वळसा घालून जायचे.

हेडसरांनी लेखी कळवलं की दोरी हा शाळेचा उपक्रम नव्हे आणि शाळा त्याला जबाबदार नाही. पालकांनी पोरं काढून घेतली. पुन्हा सगळी एकेकटी, जमेल तशी हायवेवरून येऊ लागली. शाळेसमोर उभ्या राहणाऱ्या बायकांतली एकच राहिली. खाडीकडच्या दोन्ही मुली घरी बसल्या. दिवसभर दोरी मास्तरांच्या टेबलाखाली गुंडाळून पडलेली असायची.

त्यानंतर मास्तरांनी निवृत्त होईपर्यंत आणि पुढेही डोळे काढले नाहीत. त्यांच्या घरच्या गणपतीची आखणी त्यांच्या सुनेनं केली. मी एकदा दर्शनाला गेले होते, सून म्हणाली, "बाबा आरतीलासुद्धा बाहेर ओटीवर उभे असतात." आता ते नाहीत. हायवे रुंद झालाय, फाट्याची ती जागा शोधून सापडत नाही.

पण मला सांगायची आहे ती त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची एक सकाळ.

चाचणीच्या त्या दिवसानंतर मास्तर रोज शाळेआधी खाडीच्या गावी जात होते. बांधाच्या तोंडाशी, गावाची पहिली घरं दिसतात तिथे, दोरी खांद्यावर टाकून उभे राहायचे. कोणाला हाक मारायची नाही, कोणाच्या दारी जायचं नाही. दहा वाजले की परत फिरायचे. पहिले काही दिवस सुरेखाच्या वडिलांनी शिव्या दिल्या. एकदा दगडही मारला म्हणतात, मास्तरांच्या कपाळावर खोक होती, ती ते दाराची चौकट लागली म्हणून सांगत. मग गावानं शिव्या देणंही सोडलं. माणसं त्यांच्या बाजूनं वळसा घालून कामाला जायची. पाऊस गेला, नवरात्र गेलं. सुरेखाच्या गावी चौथीत तीन मुली होत्या, पुढच्या जूनला पाचवीत यायच्या वयाच्या, आणि धाकटी रंजना तेव्हा बालवाडीत. मास्तर उभे होते ते या सगळ्यांसाठी, पण आधी त्या दोन घरी बसलेल्यांसाठी.

मला हे नवरात्रात कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी एक गाडी आधीची पकडली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एकदा तेवढं म्हणाले, "बाई, चप्पल नवी घेतलीत काय? बांधावर जपा."

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा उघडली त्या सकाळी सुरेखाची आई घरातून बाहेर आली. बरोबर त्या दोन मुलींपैकी एक होती, शेजारच्या घरातली, दर्शना. आई तिचा हात धरून चालत आमच्यापर्यंत आली. मागे लांबवर वडील दारात उभे होते. ते पुढे आले नाहीत, आणि त्यांनी बायकोला परतही बोलावलं नाही.

आता न बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. मी म्हणाले, "त्या दिवशी मागे मी असायला हवी होते. मी रोज म्हणून कबूल केलं होतं. मी उतरले नाही. मला पेपर तपासायचे होते."

मास्तरांनी मान खाली घातली. आईनं मला पूर्ण बोलू दिलं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "पोरांनी तवाच सांगितलं. मास्तरांनी नाय सांगितलं."

मग तिनं दर्शनाला माझ्याकडे पाठ करून उभं केलं आणि तिच्या खांद्यावरचं दप्तर सरळ केलं. दप्तर सुरेखाचं होतं. मागे जिथे मास्तरांनी डोळे काढले होते तिथे मिठाच्या गोणीचा चौकोनी तुकडा लावला होता, जाड दोऱ्यानं चारी बाजूंनी शिवून टाकलेला. तिनं त्या तुकड्यावर हात ठेवला.

"हे डोले मी झाकलेत," ती म्हणाली. "त्यांनी काय बगितलं नाय. आता तुमी बगा."

मास्तरांनी खांद्यावरची दोरी उतरवली. सुरेखाची गाठ तशीच ठेवून तिच्या पुढची दर्शनाच्या हातात दिली. स्वतः पुढे गेले, एक हात आडवा धरून, जणू बांधावरही ट्रक येणार होते. आम्ही तिघं निघालो. मी मागचं टोक धरलं होतं, दोन्ही हातांनी.